भिंतीवरच्या जहाजाचे सुटे भाग

अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात शिरले की बहुतेकांची मान आपोआप वर जाते. छतावरची नक्षी आहेच तशी. हंस, फुले, वर्तुळात वर्तुळे. मग डावीकडे बुद्धजन्माची चित्रे, गाभाऱ्याशेजारी हारिती. उजव्या भिंतीपाशी येईपर्यंत गाइडची घाई सुरू झालेली असते आणि मागचा गट दारात ताटकळलेला असतो. त्या उजव्या भिंतीवर, रंग बरेच उडालेल्या भागात, एक जहाज आहे. पाहणारा ‘हो, जहाज आहे’ म्हणतो आणि पुढे जातो.

थोडे थांबून पाहिले तर पंचाईत होते. जहाज आहे हे कळते, पण त्याच्यावरच्या निम्म्या वस्तू ओळखू येत नाहीत. मागच्या बाजूला पाण्यात तिरके उतरलेले ते लांब दांडे कसले? पुढे नाळेवर वेगळेच एक लहान शीड फुगले आहे, ते कशाला? छपराखाली मडकी रचून ठेवली आहेत, त्यांत काय असेल? आणि जहाजाला डोळे का काढलेत?

आजोबांच्या पेटीत एखादे विचित्र अवजार सापडावे आणि ते कशाचे हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसावे, तसे हे आहे. फरक इतकाच, की ही पेटी सुमारे पंधराशे वर्षे जुनी आहे. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे लेणे कोरले आणि रंगवले गेले असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळातले एकही भारतीय जहाज आज शिल्लक नाही. नकाशे नाहीत, मापे नाहीत. आहे ते हे चित्र.

अलीकडे या सुट्या भागांच्या ओळखीला एकदम महत्त्व आले, कारण कोणीतरी ते जहाज खरेच बांधायला घेतले. भिंतीवरच्या दांड्याचा अर्थ चुकला तर एरवी फार तर एखादा शोधनिबंध चुकतो. इथे तो दांडा धरून माणसे अरबी समुद्रात जाणार होती.

गोष्ट नालासोपाऱ्याची

आधी चित्रात काय चालले आहे ते पाहू. ही पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा, ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात आलेली. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. विरारची लोकल ज्या स्टेशनावर निम्मी रिकामी होते, तेच गाव. पूर्ण समुद्रावर अनेक सफरी करतो, पुढे भिक्षू होतो. त्याचा भाऊ भविल चंदनाच्या लाकडासाठी जहाज घेऊन जातो. चंदनाचे वन एका यक्षाच्या ताब्यात असते. झाडे तोडलेली पाहून तो वादळ उठवतो. भविल भावाचा धावा करतो, पूर्ण आकाशमार्गे येतो, वारा पडतो. वाचलेल्या चंदनातून शूर्पारकात बुद्धासाठी मंडप उभा राहतो. (याच सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. गाव तेव्हाही महत्त्वाचे होते, हे त्यातून पक्के झाले.)

अजिंठा समुद्रापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून अधिक आत आहे. चित्रकाराने समुद्र पाहिला होता का, हा प्रश्न म्हणून रास्तच. माणसे जहाजाच्या मानाने फार मोठी काढली आहेत, पाण्यात जलचरांसोबत अद्भुत प्राणीही आहेत. म्हणजे मापांसाठी या चित्रावर विसंबता येत नाही. पण जोडकामाकडे पाहिले तर मत बदलते. मागचे दांडे नुसते हवेत लटकत नाहीत, ते जहाजाच्या कडेला खोबणीत बसवलेले आहेत. पुढच्या शिडाचा दांडा डेकवरच्या एका चौकटीतून बाहेर आलेला आहे. ऐकीव माहितीवर चित्र काढणारा माणूस असे सांधे दाखवत नाही. बैलगाडी न पाहिलेला मुलगा चाक काढतो, आस काढायचे विसरतो.

पहिली यादी

या वस्तूंची पहिली नीट यादी जॉन ग्रिफिथ्स यांनी केली. ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. १८७२ पासून त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींच्या प्रती करायला सुरुवात केली आणि १८९६-९७ मध्ये दोन खंड छापले. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्याही अनेक प्रती लंडनमध्येच आगीत सापडल्या. तरीही छापील खंड उरले, आणि आज भिंतीवर जे पुसट झाले आहे ते त्यात पाहता येते.

ग्रिफिथ्स यांना जे दिसले ते असे: पुढची आणि मागची टोके उंच, तीन उभ्या डोलकाठ्या, प्रत्येकीवर एक लांबट शीड, नाळेवर एक चौकोनी शीड वाऱ्याने भरलेले, मागे बाजूला सुकाणूची वल्ही, नाळेवर डोळे, छपराखाली मडकी, आणि पुढे-मागे बाहेर आलेले दोन छोटे फलाट. १९१२ मध्ये राधाकुमुद मुखर्जी यांनी भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिला, त्यात हेच वर्णन घेतले आणि ते सर्वदूर पोहोचले.

ग्रिफिथ्स हे चित्रकार होते, खलाशी नव्हते. त्यांनी आपल्या ओळखीच्या युरोपीय जहाजांचे शब्द या भागांना लावले. इथे ओळख पटवण्याच्या कामातला पहिला सापळा आहे. अनोळखी वस्तू दिसली की आपण तिला ओळखीच्या वस्तूचे नाव देतो आणि मग त्या नावासोबत येणारे सगळे गुणही तिला चिकटवतो.

दांडा, शीड आणि मडकी

सोप्यापासून सुरुवात करू. मागचे तिरके दांडे म्हणजे सुकाणू. आज आपण सुकाणू म्हटले की जहाजाच्या मागच्या टोकाला मधोमध बिजागऱ्यांवर बसवलेली फळी डोळ्यांपुढे येते. ती सोय चीनमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या मातीच्या नमुन्यात दिसते, युरोपात ती बाराव्या शतकाच्या सुमारास रुळली. अजिंठ्याच्या जहाजावर ती नाही. त्याऐवजी मागच्या दोन्ही अंगांना एकेक रुंद पात्याचे वल्हे. हे वल्हे मारायचे नसते, फक्त त्याच्या आसाभोवती पिळायचे असते. पाते वळले की पाणी त्यावर आपटते आणि जहाजाचा मागचा भाग बाजूला ढकलला जातो.

दोन कशाला? वाऱ्याने जहाज एका अंगावर कलते. तेव्हा वरच्या अंगाचे वल्हे पाण्याबाहेर येऊ लागते आणि खालच्या अंगाचे खोल जाते. कोणत्याही बाजूला कलले तरी एक सुकाणू पाण्यात राहावे म्हणून दोन. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. ते चित्रापेक्षा साधारण तीनशे वर्षे जुने, आणि त्यावरही मागे असे दांडे दिसतात. भूमध्य समुद्रातल्या रोमन जहाजांवरही हीच व्यवस्था होती. तीन वेगवेगळ्या ठिकाणचे साक्षीदार एकच सांगत असतील तर ओळख पक्की धरायला हरकत नाही.

नाळेवरचे लहान शीडही रोमन जहाजांवर सापडते. जहाज पुढे ढकलण्याचे काम त्याच्याकडे फारसे नसते. ते अगदी टोकाला असल्याने जहाजाची नाळ फिरवायला किंवा जागेवर धरून ठेवायला उपयोगी पडते. दार ढकलताना बिजागरीपासून लांब हात ठेवला की कमी जोर लागतो, तेच तत्त्व. मागे सुकाणू आणि पुढे हे शीड, असे दोन टोकांनी जहाज हाताळले जाते.

आता मुख्य शिडे. इथे अभ्यासकांचे जमत नाही. चित्रातली तिन्ही शिडे रुंदीपेक्षा उंचीला जास्त आहेत. ती डोलकाठीवर आडवी, दोन्ही बाजूंना सारखी टांगलेली आहेत, की एका बाजूला जास्त सरकवून तिरकी टांगलेली आहेत? सपाट चित्रात हे ठरवणे कठीण. आडवे चौकोनी शीड पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर उत्तम चालते, पण वाऱ्याच्या तोंडावर फारसे चढत नाही. तिरके शीड एखाद्या पंखासारखे वागते आणि जहाजाला वाऱ्याच्या दिशेने नागमोडी वर नेऊ शकते. तेव्हा त्या चित्रातला दोर नेमका कुठे बांधला आहे, यावर बरेच काही अवलंबून आहे: पाचव्या शतकातला सोपाऱ्याचा तांडेल मोसमी वारा फिरण्याची वाट पाहत परक्या बंदरात महिनोन्‌महिने बसत असे, की मनात येईल तेव्हा परत निघू शकत असे. काही अभ्यासकांना या उंच शिडांत चिनी पद्धतीची छाया दिसते. मला स्वतःला आडव्या शिडाचा पक्ष बळकट वाटतो, कारण नाण्यावर आणि चित्रात दोन्हीकडे डोलकाठ्या शिडाच्या मधोमध दिसतात. पण ही पैज लावण्याइतकी खात्री नव्हे.

मडक्यांची गंमत वेगळी आहे. पश्चिम भारतात परदेशी कुंभ खूप सापडले आहेत. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य प्रदेशातल्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. घारापुरीला इराण-इराकच्या आखाताकडून आलेल्या, आतून डांबर लावलेल्या निमुळत्या कुंभांचे तुकडे मिळाले. त्यामुळे चित्रातल्या मडक्यांना व्यापाराचा माल म्हणण्याचा मोह होतो. पण ती ठेवली आहेत कुठे? छपराखाली, सावलीत, हाताशी. माल तळघरात जातो, कारण वजन जितके खाली तितके जहाज स्थिर. जे वर, सावलीत आणि हाताशी असते ते रोज लागणारे असते. म्हणजे बहुधा पिण्याचे पाणी.

हिशेब करून पाहा. उष्ण हवेत उघड्यावर राबणाऱ्या माणसाला पिण्यासाठी आणि शिजवण्यासाठी मिळून दिवसाला चार लिटर तरी पाणी हवे. पंधरा माणसे आणि वीस दिवस धरले तर बाराशे लिटर, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास वजन. लांबच्या युरोपीय सफरींवर खलाशी स्कर्व्हीने मरत, पण त्यासाठी ‘क’ जीवनसत्त्वाविना दोन-तीन महिने जावे लागतात. मोसमी वाऱ्यावरच्या वीस-पंचवीस दिवसांच्या सफरीत तो धोका नगण्य. खरा धोका पाण्याचा. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपून वाळते, त्यामुळे आतले पाणी थंड राहते, पण त्याच कारणाने ते रोज थोडे कमीही होते. सावली म्हणजे चैन नव्हती.

पुढे-मागे आलेल्या फलाटांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही. सुकाणूवाल्याला उभे राहायला जागा, असा एक अर्थ. अरबी गलबतांवर मागच्या टोकाला बाहेर लटकती एक पेटी असे, ती शौचालयाची. चित्रातला मागचा फलाट त्याचाच पूर्वज असेल तर चित्रकाराची निरीक्षणशक्ती मानायलाच हवी.

कागदावरून पाण्यात

जुलै २०२३ मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला. अर्थतज्ज्ञ संजीव सान्याल यांची ही कल्पना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जहाजाचा कणा बसवला गेला. काम केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज गोव्यात पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. लांबी सुमारे ६५ फूट, रुंदी २२ फूट. इंजिन नाही.

खिळेही नाहीत. फळ्या काठाला काठ लावून, भोके पाडून, काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. सांध्यावर नारळाच्या तंतूंची गादी, वर राळ. हा भाग मात्र अजिंठ्याच्या चित्रापेक्षा इतर पुराव्यांवर उभा आहे. सांचीच्या शिल्पात शिवलेल्या फळ्यांची नाव दिसते, ग्रीक-रोमन लेखकांनी अशा नावांचा उल्लेख केला आहे, आणि १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातले एक शिवलेले जहाज चिनी मातीच्या भांड्यांनी भरलेले सापडले. त्यावरून ओमानमध्ये ‘ज्युएल ऑफ मस्कत’ हे जहाज बांधले गेले आणि २०१० मध्ये ते सिंगापूरला गेले. त्या कामातही शंकरन होते.

लोखंड का टाळले, याचे एक जुने उत्तर आहे की समुद्रातले चुंबकाचे खडक खिळे ओढून घेतात. असे खडक नाहीत. काथ्याचे गुण मात्र खरे आहेत. त्यात लिग्निन हा घटक भरपूर असल्याने तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. शिवलेला सांधा थोडा हलू शकतो, त्यामुळे लाटेचा किंवा वाळूवर आदळल्याचा धक्का एका जागी न साठता पसरतो. खिळ्याभोवतीचे लाकूड फाटते, शिवण ताणली जाऊन परत येते. त्याची किंमत म्हणजे शिवण वरचेवर पाहावी लागते, आणि ती पाहता येणारे हात आता मोजके उरलेत.

या जहाजावरचे सगळेच भाग आज कोणी वापरत नाही. चौकोनी शिडे आणि सुकाणूची वल्ही घेऊन समुद्रावर जाण्याचा अनुभव नौदलातल्याही कोणाकडे नव्हता. म्हणून आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने जहाजाची प्रतिकृती करून पाण्यात चाचण्या घेतल्या, तर लाकडी डोलकाठ्यांवर येणाऱ्या ताणाचे गणित आजच्या पद्धतीने तपासले गेले. भिंतीवरचा चित्रकार हे काही सांगून गेला नव्हता.

चित्र आणि जहाज यांत फरक आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. चित्रात तीन डोलकाठ्या, ‘कौंडिण्य’वर दोन. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर सिंह-याळी, डेकवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर, हे सारे वेगवेगळ्या काळांतून आणलेले आणि मानाचे. अजिंठ्याची हुबेहूब नक्कल म्हणून त्याकडे पाहणारा फसेल. ‘चित्रातल्या भागांचा आम्ही असा अर्थ लावतो, चालतो का पाहू’ असे म्हणणारा तो एक प्रयोग आहे. इंडोनेशियातही बोरोबुदूरच्या शिल्पांवरून जहाज बांधून २००३-०४ मध्ये ते आफ्रिकेपर्यंत नेले गेले. असा प्रयोग यशस्वी झाला म्हणजे ‘तेव्हा असेच होते’ हे सिद्ध होत नाही, ‘असे असणे शक्य होते’ एवढेच सिद्ध होते. अयशस्वी झाला असता तर मात्र एखादा अर्थ कायमचा बाद झाला असता.

२९ डिसेंबर २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ पोरबंदरहून निघाले आणि जानेवारीच्या मध्याला मस्कतला पोहोचले. तारीख पाहा. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा वाहतो, तो पश्चिमेला जाणाऱ्याच्या पाठीशी असतो. आडव्या शिडाचे जहाज मे महिन्यात या दिशेने कोणी काढणार नाही. वल्ह्यांनी दिशा धरली, शिडांनी वारा धरला. दोन भागांची ओळख निदान चालण्याजोगी ठरली.

डोळ्यांचे काय? भूमध्य समुद्रापासून व्हिएतनामपर्यंत होड्यांच्या नाळेवर डोळे काढतात. जहाजाने स्वतः वाट पाहावी, ही समजूत. सगळ्या सुट्या भागांत हा एकच असा, की त्याचे काम कोणत्याही प्रयोगशाळेत तपासता येत नाही आणि तरी तो कशासाठी आहे हे पाहताक्षणी कळते.

तिसऱ्या डोलकाठीचा आणि शिडाच्या दोराचा प्रश्न भिंतीपाशीच सुटायचा असेल तर वेळ फार नाही. अजिंठ्याची चित्रे ओल्या गिलाव्यावरची नाहीत. खडकावर माती, भुसा आणि तंतूंचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, काजळी असे रंग. त्यामुळे रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. ओल, कीटक, वटवाघळांची विष्ठा यांनी तो सुटतो. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटालियन तज्ज्ञांनी चित्रे वाचवण्यासाठी दिलेला लाखेचा मुलामा पुढे पिवळा पडला. पुरातत्त्व खाते तो हळूहळू काढते आहे. गर्दीच्या दिवशी माणसांच्या श्वासातली वाफही भर घालते.

जहाज पाहायचे असेल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात. फ्लॅश चालत नाही, आतला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराशी पुरते जुळवून घ्यायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि एका लेण्यात इतका वेळ कोणी थांबू देत नाही. म्हणून आधी शेजारची एक क्रमांकाची सावकाश पाहावी, बाहेर येताना नजर खाली ठेवावी, आणि मग दोन क्रमांकात शिरून थेट उजवी भिंत गाठावी.